साडूच्या वाढदिवसाचा बॅनर

परतूरच्या बाजारात उभं राहून मान वर केली, की जे चेहरे दिसतात ते सगळे कल्याणच्या हाताखालून गेलेले असतात. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या पोराची पोलीस भरती असो, नाहीतर नव्या रसवंतीचं उद्घाटन असो, फ्लेक्स छापणार कल्याणच. काळ्याला गोरा, टकल्याला केसाळ आणि डिपॉझिट गेलेल्याला 'भावी' करायचं कसब त्याच्या बोटांत होतं. माणूस मोठा आहे की नाही ते देव जाणे, पण बॅनर मोठा असला की माणूस मोठा दिसतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यावरच त्याचं घर चालायचं.

अशा माणसाला आपला साडू छोटा वाटला तर त्यात नवल काय!

साडू म्हणजे राधेश्याम. कल्याणची बायको दैवशाला थोरली, राधेश्यामची सुरेखा धाकटी. दोघी पिंपळगाव रेणुकाईच्या अप्पारावांच्या लेकी. राधेश्याम तीर्थपुरीला राहायचा आणि दिवसभर घरात बसून कॉम्प्युटरवर बाहेरदेशीच्या कंपन्यांची कामं करायचा. दुकान नाही, पाटी नाही, गाडीच्या काचेवर नाव नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीलासुद्धा स्वतःच्या तोंडाऐवजी शेवंतीचं फूल. "बिचारा घरकोंबडा हाय," असं कल्याण चारचौघांत म्हणायचा. लग्नकार्यात मुद्दाम त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याची ओळख करून द्यायचा. दया करता येत होती तोवर त्याचा साडूवर फार जीव होता.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला अनारशांचं ताट आणि दिवा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. कल्याण आपल्या चारचाकीतून थाटात गेला. सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, पाय धुतले ते आधी त्याचे, पहिला पाट त्याचा, पहिला धोंडा त्याच्या ताटात. थोरला जावई म्हणजे थोरला जावई. इथवर सगळं बराबर होतं.

जेवणं झाली आणि अप्पाराव दोघांना मळ्यात घेऊन गेले. विहिरीजवळ नवाकोरा सोलर पंप, पाटात पाणी खळाळतंय. घराकडे बघावं तर पत्रे जाऊन स्लॅब पडलेला.

"मामा, हे कवा झालं? खर्चा कुणी केला?" कल्याणने विचारलं.

"झालं बापा एकदाचं," अप्पाराव म्हणाले, आणि त्यांनी राधेश्यामकडे पाहिलं. राधेश्याम खाली बघून चपलेने ढेकूळ फोडत होता.

सासऱ्याची ती एक नजर कल्याणच्या काळजात रुतून बसली. गेली कैक वर्षं या घरच्या प्रत्येक कार्याचा बॅनर त्याने फुकट छापून दिला होता. अशा नजरेने सासऱ्याने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत नवऱ्याचं तोंड उतरलेलं दैवशालाला बघवेना. "कुणाला सांगू नका बरं," ती म्हणाली, "सुरेखीनं मला शपथ घालून सांगितलंय. राधेश्यामराव पगार त्या इंटरनेटच्या नाण्यात घेतेत म्हणं. क्रिप्टो का काय ते. लई वर्षांपासून साठवून ठिवलं, आन् आता त्याचा भाव कुठल्या कुठं गेलाय. तिकडूनच केलंय त्यांनी बाबाचं सगळं. पण गावात कुणालाच ठाव न्हाई."

कल्याणने गिअर असा टाकला की गाडी कण्हली.

दुसऱ्याच दिवशी त्याने साडूला फोन लावला. आवाजात साखर. "राधेश्यामराव, ते नाण्याचं आम्हालाबी शिकवा की." राधेश्याम क्षणभर चपापला, ही बातमी कुठून गेली ते त्याच्या ध्यानात आलं असणार. पण माणूस मुळात सरळ. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, नाही कसं म्हणायचं? त्याने फोनवरून अ‍ॅप उतरवून दिलं, सगळं समजावलं, आणि शकुन म्हणून थोडंसं नाणं स्वतःकडून पाठवलं. तेवढाच एक दिवस तो गाफील राहिला, आणि तोही मायेपोटी.

आलेल्या नाण्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. कल्याणने ती माळ उचलून कॉम्प्युटरवर एका साईटला टाकली. तिथे ना पासवर्ड लागला, ना ओटीपी. सरळ पान उघडलं आणि त्या पत्त्यावर किती आहे, कधी आलं, कधी गेलं, सगळं समोर.

तो आकडा बघून कल्याणच्या अंगाची लाही लाही झाली. त्या भरात त्याने कुणाच्या तरी आजोबांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा' छापून टाकलं. शिव्या खाल्ल्या, परत छापून दिलं, तरी डोक्यातला आकडा हलेना. भाकरी गोड लागेना. रस्त्याने कुणी "काय कल्याणशेठ" म्हटलं तरी त्याला टोमणाच वाटायचा. पैसा असून माणूस गप्प बसतो कसा, हेच त्याला समजत नव्हतं. नसल्याचं लपवतात हे ठीक, पण असल्याचं लपवायचं म्हणजे निव्वळ माज, असं त्याच्या मनाने घेतलं. आपण कर्जाऊ गाडीवरही नाव रंगवतो आणि हा एवढं घेऊन शेवंतीच्या फुलामागे बसतो! म्हणजे मनातल्या मनात हा आपल्याला हसतच असणार.

आणि राधेश्यामचा वाढदिवस तोंडावर आला होता.

आपल्याकडे एखाद्याला उघडं पाडायचं असेल तर त्याची निंदा करावी लागत नाही. त्याचा सत्कार करावा. सत्काराला कुणी तक्रार करत नाही. कल्याणने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आयुष्यातला सगळ्यात देखणा बॅनर बनवला. धोंडे जेवणातल्या फोटोतून राधेश्यामचं मुंडकं कापलं, खाली दुसऱ्याचा सूट जोडला, डोळ्यांवर गॉगल, वरून सोन्याच्या नाण्यांचा पाऊस. 'तीर्थपुरीचे भूषण, क्रिप्टो किंग राधेश्यामभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' खाली राधेश्यामचा मोबाईल नंबर. कोपरा मोकळा दिसत होता. त्याच्या दुकानातून पाणीपुरीवाल्याचा बॅनरसुद्धा क्यूआर कोडशिवाय बाहेर पडत नाही. हात सवयीने गेला आणि त्याने त्या पत्त्याचा क्यूआर करून कोपऱ्यात डकवला. ह्यात पैसे टाकताच येतात, काढता कुठं येतात, असं त्याने स्वतःला समजावलं. शेवटी 'शुभेच्छुक: थोरले साडू', आणि स्वतःचा फोटो, राधेश्यामच्या फोटोहून बोटभर मोठा.

मी कौतुकच करून राह्यलो, असं तो स्वतःला बजावत होता. पोटात मात्र वेगळंच शिजत होतं. मागणाऱ्यांची रांग लागू दे त्याच्या दारात. वर्गणीवाले येऊ देत. कळू दे मोठेपण काय असतं ते.

बॅनर तीर्थपुरीच्या चौकात लागला. दुपार व्हायच्या आत राधेश्यामने स्वतः खांबावर चढून दोऱ्या कापल्या, पण तोवर फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले होते. चहाच्या टपरीवर एकाने क्यूआर स्कॅन केला, पान उघडलं, आणि कल्याणला जो आकडा एकट्याला झोंबला होता तो अख्ख्या गावाने वाचला. मग फोन सुरू झाले. गणेश मंडळवाले, प्लॉटचे दलाल, चुलत्याच्या मेव्हण्याचा मेव्हणा. सुरेखाने रडत बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला खडसावलं. कल्याण तोंडाने "अरे अरे" म्हणाला आणि त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली.

पंधरवड्याने राधेश्यामच्या फोनची रेंज गेली. कंपनीचा घोळ असेल म्हणून त्याने वाट पाहिली. तोवर कुणीतरी त्याच्या नावावर, त्याच नंबरचं दुसरं सिम काढलं होतं. ओटीपी तिकडे जाऊ लागले, मेल उघडला गेला, आणि खरेदी-विक्रीच्या खात्यात होतं तेवढं नाणं धुऊन नेलं. मोठा ऐवज त्याने वेगळा, इंटरनेटपासून तोडून ठेवला होता. तो वाचला, आणि चोरांना तो वाचल्याचं दिसतही होतं. पान उघडंच होतं ना.

म्हणून पुढच्या आठवड्यात शिकवणीहून येणाऱ्या आकांक्षाला, राधेश्यामच्या एकुलत्या लेकीला, दोन मोटारसायकलवाल्यांनी थांबवलं. हात लावला नाही, आवाज चढवला नाही. एकाने तिला चॉकलेट दिलं आणि सांगितलं, "पप्पाला म्हणावं, बॅनरवर बघितलं तुम्हाला. राह्यलेलं कवा देता?"

राधेश्याम परतूरला आला तो थेट दुकानात. कल्याणला वाटलं, आता गचांडी धरणार. पण राधेश्याम स्टुलावर बसला. मशीन घरघरत होतं.

"कल्याणराव, बँकेतून पैसा गेला तर मॅनेजर असतोय, अर्ज करता येतोय, कुणाच्या तरी नावानं बोंब मारता येतेय. हितं मधी कुणीच न्हाई. गेलं म्हंजे गेलं. म्हणून त्याला एक कुलूप लई मोठं असतंय. आपल्याकडं हाय हे लोकांला ठाव नसणं."

"मी तर चांगलंच लिव्हलं," कल्याण म्हणाला. "पैसे काढायचा नंबर थोडाच छापला?"

"त्या पत्त्यावरचं सगळं जगाला दिसतंय. आधीपासनंच दिसत होतं. फक्त पत्ता कुणाचा, ते कुणाला कळत नव्हतं. तुम्ही त्याच्याखाली माझं तोंड छापलं."

"एवढं लपवायसारखं काय होतं मंग? टॅक्स बुडवला का काय?"

"सगळा भरलाय. सरकारला माहीत होतं. चोराला माहीत नव्हतं." राधेश्याम उठला. दाराशी जाऊन थांबला. "पोरगी खिडकीपाशी बसत न्हाई आता. गाडीचा आवाज आला की न्हाणीत जाऊन कडी लावती."

कल्याणला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण माणसाचं मन किती हलकट असतं पाहा: त्या वाईट वाटण्याच्या तळाशी बसून कुणीतरी हिशेब करत होतं, की मोठा ऐवज तर अजून ह्याच्याकडेच आहे.

महिन्याच्या आत तीर्थपुरीचं घर बंद झालं. पोलिसांत तक्रार देऊन राधेश्याम बायको-लेकीला घेऊन गेला. कुठे गेला ते कुणी सांगेना. जुना नंबर लागेना, शेवंतीचं फूलही गेलं. कल्याणने पिंपळगावला फोन केला तर अप्पाराव म्हणाले, "गेलेत कामासाठी तिकडं." तिकडं म्हणजे कुठं, तर "लांब हाय." म्हातारा मुद्दाम टाळत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे त्या घरात सगळ्यांना आता पुरतं कळलं होतं.

महालक्ष्म्यांना कल्याण सासरी गेला. पहिला पाट त्याचा होता, आणि शेजारी दुसरा पाटच नव्हता. दुर्गाबाईंनी आग्रहाने वाढलं, अप्पारावांनी "जावईबापू, घ्या अजून" म्हटलं. इतका मान त्याला या घरात कधी मिळाला नव्हता. पण तो सोप्यात आला की आतलं बोलणं बंद व्हायचं. आणि तो बाहेर गेला की पुन्हा सुरू व्हायचं.

जेवणानंतर दैवशालाचा फोन वाजला. ती उठून पार गोठ्याच्या मागे गेली. बऱ्याच वेळाने आली ती डोळे पुसत, पण तोंडावर हसू.

"कुणाचा व्हता?"

"कंपनीचा."

कंपनीच्या फोनवर कुणी रडतं का? तो तिच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि त्याने हात पुढे केला. तिने मुकाट्याने फोन दिला. कुलूप उघडून दिला. आत काहीच नव्हतं, आलेला फोनही पुसलेला. जिला कालपर्यंत फोटो पाठवता येत नव्हता, ती हे कुणाकडून शिकली ते उघड होतं. सुरेखाला ठाऊक, सासू-सासऱ्यांना ठाऊक, स्वतःच्या बायकोला ठाऊक. त्याला आता राधेश्यामच्या पैशाहून बायकोला ठाऊक असलेल्या त्या गावाच्या नावाचा हेवा वाटला.

"सुरेखीनं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं," दैवशाला म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "चूक माझीच झाली. आता नाव बिलकुल विचारू नका."

"गावाचं नाव नको सांगू," कल्याण म्हणाला. "आकांक्षा कशी हाय, तेवढं तरी सांग."

दैवशाला थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, एखादा पाहुणा घरातलं विचारत असावा तसं. आणि हातातलं ताट विसळत म्हणाली, "बरी असंल."