चेर्नाचा बुधवार

नेमन नदीकाठच्या त्या गावात येशिवा, म्हणजे ज्यूंची धर्मपाठशाळा, होती, पण लांबून शिकायला आलेल्या पोरांना तिथे फुकट मिळे ते फक्त धर्मशास्त्र. पोटासाठी ज्यानं त्यानं गावात वार लावायचे. कोपेल हा अठरा वर्षांचा अनाथ पोरगा दर बुधवारी चेर्नाकडे जेवायचा. चेर्ना लाकडी पिंपं बनवणाऱ्याची बायको. घरात बटाटे आणि खारा मासा यापलीकडे फारसं काही नसे, पण बुधवारी ती रश्श्यात मूठभर जव जास्त टाकी आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "आज आमचे शास्त्रीबुवा जेवायला आहेत हो!"

हिवाळ्याच्या तोंडाशी कोपेल खोकू लागला. चेर्नाची दोन मुलं छातीच्या दुखण्यानंच गेली होती. उरली होती धाकटी ब्रैना, आणि ती नेमकी कोपेलला खेटून बसायची. चेर्ना काही ना काही निमित्तानं तिला उठवून लांब बसवी. अखेर एका बुधवारी ती म्हणाली, "बाळा, कोव्ह्नोहून माझी बहीण येतेय, मुलाबाळांना घेऊन. पुढचे काही बुधवार जरा..."

बहीण कसली नि काय!

"अहो मावशी, त्यात काय एवढं?" कोपेल हसला. "अजून सहा घरं आहेत की. तिकडे इतकं वाढतात, एक दिवस पोटाला सुट्टी मिळेल."

मग जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्यानं नेहमीप्रमाणे घरधनिणीला आशीर्वाद दिला आणि तो गेला. चेर्नानं त्याचा वाडगा उकळत्या पाण्यात टाकला. एकच तर वार, तिनं मनाला समजावलं, एका वारानं कुणी मरत नाही.

बर्फ वितळायच्या आत कोपेल गेला.

येशिवाच्या अंगणात तिरडी ठेवली होती. बाया एका कडेला उभ्या होत्या. पाववाल्याची विधवा श्प्रिंत्सा, जिच्याकडे त्याचा सोमवार, ती डोळे पुसत म्हणाली, "मी हनुक्काच्या सणानंतर बंद केलं बाई त्याचं. खोकला ऐकून गिऱ्हाईक मागे फिरायचं. म्हटलं, रविवारी तुझ्याकडे जेवतोच की."

"माझ्याकडे?" रविवारवाली दचकली. "मी तर त्याच्याही आधी नको म्हटलं. मला म्हणाला, सोमवारी श्प्रिंत्सामावशी दोन दिवसांचं वाढते."

मंगळवारवालीनं शाल तोंडात धरली. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवारचा शब्बाथ, एकेकीनं तोंड उघडलं आणि तेच निघालं. प्रत्येकीनं एकच वार काढून घेतला होता आणि प्रत्येकीला तो पोरगा हसतच हो म्हणाला होता.

"बुधवारी तरी तुझ्याकडे होता ना गं?" श्प्रिंत्सानं चेर्नाचा दंड धरला. "सांग की बये! आठवड्यातनं एकदा तरी पोरगं जेवलं ना?"

चेर्नाला खरंच सांगायचं होतं. पण सहाहीजणी तिच्या तोंडाकडे आशेनं बघत होत्या, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती बोलून गेली, "हो तर. जेवायचा."

"देव तुझं भलं करो!"

तिरडी उचलण्याआधी रीतीप्रमाणे लोक मृताच्या पायाशी जाऊन त्याची क्षमा मागू लागले. सहाजणी हुंदके देत पुढे झाल्या. चेर्नाही निघाली, तशी श्प्रिंत्सानं तिला हळूच मागे सारलं.

"तू कशाला गं? तू तर त्याला जेवू घातलंस."

चेर्ना जागच्या जागी उभी राहिली. तिच्यासमोरून तिरडी फाटकाबाहेर गेली.