एकतीस तासांचं टाइम-टेबल

माणिक पोतनीस शाळेत गणित शिकवतात, पण स्टाफरूममध्ये त्यांची ओळख 'टाइम-टेबलवाली मॅडम' अशीच आहे. इंदूर-देवासजवळच्या शहरातल्या, नानाखेडा भागातल्या त्या शाळेत अठ्ठावीस वर्ग, एक्केचाळीस शिक्षक आणि अकरावी-बारावीसाठी एकच लॅब. कोण कधी कुठल्या वर्गावर जाणार, याचा मेळ पूर्वी चार माणसं पंधरा दिवस भांडून घालायची. माणिकताईंनी दोन हजार सहा साली फ्रीगंजच्या बाजारातून पेंटियम फोरचा डेस्कटॉप घेतला, एका क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि सगळं टाइम-टेबल बसवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला.

प्रोग्रॅम अचूक होता, फक्त त्याला वेळ लागायचा. अठ्ठावीस वर्ग, सहा दिवस आणि सव्वीस नियम. सगळ्या शक्यता चाळायला तो एकतीस तास घ्यायचा. दर जूनमध्ये शनिवारी सकाळी तो सुरू करायचा, कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, असा नेम होता. एका वर्षी एकोणतिसाव्या तासाला लाइट गेली. माणिकताईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

यंदा जूनमध्ये त्यांची मुलगी देवश्री शनिवार-रविवार इंदूरहून आली होती. ती तिथे एका कंपनीत नोकरी करते. आठवड्यापूर्वीच घेतलेला नवा लॅपटॉप तिने डायनिंग टेबलवर ठेवला आणि म्हणाली, "आई, यंदा तुझा प्रोग्रॅम यावर चालवून बघू."

माणिकताईंनी चष्मा लावून लॅपटॉपची माहिती वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हा दोन पॉइंट एक गिगाहर्ट्झचा! माझा तीनचा आहे. एवढे पैसे देऊन हळू मशीन घेऊन आलीस?"

"तो आकडा म्हणजे सेकंदाला किती टप्पे, तेवढंच. आणि हा जोर लागला की चारच्या वर जातो. पण खरी गोष्ट निराळीच आहे. एका टप्प्यात किती काम उरकतं, ते त्या आकड्यात कुठे लिहिलंय?"

माणिकताई थबकल्या. गणिताच्या बाईंना ते लगेच पटलं. पावलं मोजली, पण पाऊल केवढं ते मोजलंच नाही!

"मग दोन्ही एकदम लावू," त्या म्हणाल्या. "समोरासमोर."

बरोबर दहा वाजता माणिकताईंनी इकडे, देवश्रीने तिकडे, एकाच वेळी एंटर दाबलं. पेंटियमचा पंखा नेहमीसारखा घरघरायला लागला. लॅपटॉपमधून आवाजच येईना. माणिकताई दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून पोळीचं लाटणं हातात घेऊन बाहेर यायच्या. साडेअकराला लॅपटॉपवर निम्मं काम झालं होतं. पेंटियमवर पाच टक्केही नव्हतं.

एक वाजून सहा मिनिटांनी लॅपटॉपने पूर्ण टाइम-टेबल दाखवलं.

"तीन तास!" माणिकताई ओरडल्याच. "अगं, एकतीसचे तीन! दसपट! आमटी राहू दे, आधी हे बघ!"

देवश्री मात्र खूश दिसेना. तिने प्रोसेसर किती कामात होता, त्याची खिडकी उघडली. "आई, यात दहा कोर आहेत. म्हणजे एका प्रोसेसरच्या पोटात दहा कामगार समज. तुझा प्रोग्रॅम जुन्या मशीनसाठी लिहिलेला, त्यात एकच होता. त्यामुळे इथेही एकानेच काम केलं."

"आणि बाकीचे नऊ?"

"बसून होते."

माणिकताईंनी चाळीस शिक्षकांना वीस वर्षं कामाला लावलं होतं. नऊ जण रिकामे बसलेत, हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं. जेवण कसंबसं उरकून त्या कागद-पेन घेऊन बसल्या. त्यांचा प्रोग्रॅम पहिला वर्ग बसवायचा, मग दुसरा, अडलं की मागे यायचा. पहिला वर्ग बसवायच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. त्याच वाटून टाकल्या तर? प्रत्येकाला निराळी सुरुवात द्यायची, कुणी कुणाची वाट बघायची नाही.

"तू टाइप कर, मी सांगते," त्या म्हणाल्या.

चार तास दोघी भांडल्या, चुकल्या, पुन्हा लिहिलं. सहाच्या सुमाराला लॅपटॉप सुरू केला तेव्हा या वेळी त्याचाही पंखा जोरात फिरला आणि खालचा भाग हाताला चांगला गरम लागला. पस्तीस मिनिटांत तेच टाइम-टेबल पुन्हा समोर आलं. पेंटियम तेव्हा पाव वाटेवरच होता.

माणिकताई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना एकदम भरून आल्यासारखं झालं, आणि हसूही येत होतं. पस्तीस मिनिटं! म्हणजे आता एकदाच विचारून गप्प बसायची गरज नाही. हवे तितके प्रश्न विचारता येतील.

पहिला प्रश्न कुठला, ते त्यांना ठाऊक होतं.

शाळेत सुमन सोलंकी नावाच्या केमिस्ट्रीच्या शिक्षिका आहेत. नवऱ्याची नोकरी देवासला, म्हणून त्या देवासहून बसने येतात. आठचा पहिला पीरियड गाठायला सव्वासहाची बस, त्यासाठी साडेचारला उठायचं. सकाळी सातची बस घेता आली, तर दुसऱ्या पीरियडला त्या आरामात पोचल्या असत्या. नऊ वर्षं दर जूनमध्ये त्या एकच गोष्ट मागत: "मैडम, पहला पीरियड मत दीजिए." आणि दर वर्षी माणिकताई प्रामाणिकपणे ती अट घालून एकतीस तास थांबायच्या. मशीन सांगायचं, बसत नाही. मग ती अट काढून पुन्हा एकतीस तास. सुमन मॅडम कधी कुरकुरल्या नाहीत. "कोई बात नहीं" म्हणायच्या.

रविवारी सकाळी सातला माणिकताईंनी लॅपटॉपवर ती अट घातली. पस्तीस मिनिटांनी उत्तर आलं: नाही बसत.

"मशीन बदललं तरी तेच," देवश्री म्हणाली.

"थांब. आता मी नियमांनाच विचारते."

सव्वीस नियमांतला एक नियम काढायचा आणि चालवून बघायचं. नाही बसलं तर तो परत घालायचा, पुढचा काढायचा. जुन्या डेस्कटॉपवर याला महिन्याहून जास्त दिवस लागले असते, म्हणून हा विचारच त्यांच्या मनात कधी आला नव्हता. पहिला नियम काढला, नाही. दुसरा, नाही. आठव्यापर्यंत देवश्री कंटाळून पोह्यांची बशी घेऊन गच्चीवर गेली. माणिकताईंच्या अंगात मात्र उत्साह मावत नव्हता.

दुपारी दोनच्या आसपास अकरावा नियम काढला आणि टाइम-टेबल बसलं.

"देवश्री! खाली ये! आधी ये!"

अकरावा नियम होता: शनिवारी लॅब बंद. शेजारी त्यांच्याच हाताने टाइप केलेला शब्द होता, 'फिलहाल', म्हणजे सध्यापुरतं. तारीख दोन हजार चौदाची. त्या वर्षी लॅबचं छत दुरुस्त होत होतं, तीन महिन्यांसाठी. छत झालं, नियम तसाच राहिला. शनिवार गेल्यामुळे सगळी प्रॅक्टिकल्स पाच दिवसांत कोंबली जात होती, आणि सुमन मॅडमचा पहिला पीरियड त्यातच अडकत होता.

पण शनिवारी लॅब खरंच बंद असते, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लगेच लॅब असिस्टंट प्रभाकरना फोन लावला.

"प्रभाकरजी, शनिचर को लैब बंद क्यों रहती है?"

"टाइम-टेबल में ही नहीं है मैडम," प्रभाकर शांतपणे म्हणाले. "आप ही तो बनाती हैं."

माणिकताईंनी फोन ठेवला आणि एवढ्या हसल्या की देवश्री घाबरली. शाळा टाइम-टेबलवर भरवसा ठेवत होती, टाइम-टेबल शाळेवर, आणि मध्ये एक छत अकरा वर्षांपूर्वीच दुरुस्त होऊन बसलं होतं. हसता हसता त्यांचे डोळे ओले झाले. साडेचारला उठणाऱ्या बाईची नऊ वर्षं! चूक मशीनची नव्हती.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि नवं टाइम-टेबल ओळ न् ओळ तपासलं. कुणी एकाच वेळी दोन वर्गांवर नाही, लॅबमध्ये दोन वर्ग एकत्र नाहीत. पाच वाजता पेंटियमही थांबला. त्याचं उत्तर लॅपटॉपच्या कालच्या उत्तराशी एका अक्षराचाही फरक न होता जुळलं, तेव्हा त्यांनी त्याच्या कॅबिनेटवर दोनदा थोपटलं. मगच सुमन मॅडमना फोन केला.

त्यांनी काही लपवलं नाही. छत, फिलहाल, प्रभाकर, सगळं सांगितलं. "गलती मेरी थी, सुमन. नौ साल."

सुमन मॅडमनी आधी एकच गोष्ट पक्की करून घेतली.

"सच में पहला पीरियड नहीं है? एक भी दिन?"

"एक भी दिन नहीं. शनिचर को दो प्रैक्टिकल लेने पड़ेंगे बस."

"अरे मैडम, चार ले लूँगी!" सुमन मॅडम इतक्या जोरात म्हणाल्या की टेबलापलीकडे बसलेल्या देवश्रीलाही ऐकू आलं. मग म्हणाल्या, "गुस्सा तो आ रहा है. कल करूँगी. आज खुश होने दीजिए."

त्या खरंच रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी आणि पाच मिनिटांपुरत्याच. शाळा सुरू झाल्यापासून त्या सातच्या बसने येतात. घरी मुलीबरोबर बसून चहा घेता येतो, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. स्टाफरूममध्ये आता ज्याला त्याला काही मागायचंय. कुणाला रिसेसनंतर लागोपाठ दोन पीरियड नकोत, कुणाला शुक्रवारी लवकर निघायचंय. माणिकताई कुणालाही 'नाही जमत' म्हणत नाहीत. "लिहून द्या, विचारून बघते," म्हणतात.

जुलैत त्यांनी स्वतःसाठी लॅपटॉप घेतला. पुढच्या वर्षी त्या रिटायर होतील. म्हणून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर एक तास सुमन मॅडम त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि प्रोग्रॅम शिकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सव्वीस नियमांची यादी मागितली आणि प्रत्येकासमोर पेन ठेवून विचारायला सुरुवात केली, "मैडम, ये वाला क्यों है?"

तीन नियमांचं कारण माणिकताईंनाही आठवेना. ते त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकले.