भिंतीपलीकडचं दळण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. अजूनही उडवतो. पण माझ्या पदरी हा एक अनुभव आहे... तो सांगितला तर माझीच टर उडेल, म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा काळ. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. बायको, कुमुद, कावीळ होऊन ऐन पावसाळ्यात गेली. मूलबाळ नव्हतं. आमच्या जुन्या घरात मला थांबवेना, म्हणून स्टेशनच्या बाजूला कवेलूंच्या छपराची एक खोली घेतली. अशा तीन खोल्या ओळीने. मधल्या भिंती छपरापर्यंत गेल्याच नव्हत्या — वर हातभर फट. शेजारी कांदा चिरला की इकडे माझ्या डोळ्यांत पाणी.

आता मूळ मुद्दा. मला झोपेत दात खायची खोड. लहानपणी आईने जंत झाले समजून कडू औषधं पाजली, उपयोग शून्य. या खोडीची गंमत अशी की ज्याला आहे त्याला ती ऐकू येत नाही. जवळ झोपणाऱ्यानेच सांगावं लागतं. कुमुदने लग्नानंतर लगेच सांगितलं आणि उपायही तिनेच काढला. कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर अंगठा हळूच दाबायची आणि म्हणायची, "झालं पीठ, ठेवा आता." म्हणे जबडा सैल पडायचा. म्हणे — कारण मी तर झोपेत. ही आमच्या दोघांतली थट्टा होती, तिसऱ्या कुणाच्या कानावर जायचं कारणच नव्हतं.

ती गेल्यावर सकाळी जबडा असा आखडायचा की पोळी चावताना कानापर्यंत कळ जायची. एका दाढेचा टवका उडाला तेव्हा गोंदियाला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा, सुपारी बंद करा, झोपण्याआधी गरम फडक्याने शेका, नाहीतर दाढा झिजून जातील, असं त्यांनी सांगितलं. झोपताना दातांवर बसवायच्या प्लेटसाठी मापंही घेतली. दात किती खाता ते घरच्यांना विचारून या, म्हणाले. मी मान हलवली. घरी होतं कोण!

संक्रांतीच्या सुमारास शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. नवरा रेल्वेत, बायको भंडाऱ्याकडची, शांताबाई. एका दुपारी त्या दाराशी आल्या. "संध्याकाळी वहिनीले पाठवजा भाऊ. हळदीकुंकू हाय."

मी विचारलं, कोणती वहिनी? त्या हसल्या. "लपवून काहून ठेवता जी? पहाटे जात्याचा आवाज येते न. दळाले तुम्हीच बसता वाटते... मंग वहिनी म्हणते, झालं पीठ, ठेवा आता. की जातं थांबते."

माझ्याकडे जातं नव्हतं. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट. मी त्यांना सगळं सांगितलं. मी स्वतःच झोपेत बडबडत असेन, असंही सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्या खाटेकडे पाहिलं.

"बाप्याचा आवाज वळखू येत नाही काय मले? बाईच होती, भाऊ. लय मायेनं बोलते. भेव नाही वाटलं मले."

संध्याकाळी बायका जमण्याआधी त्या परत आल्या. कुमुद सवाशीण गेली होती, म्हणून आमच्या मधल्या भिंतीला माझ्या बाजूने हळदीकुंकू लावलं, खाली तिळगूळ ठेवला आणि गेल्या. मी त्या भिंतीपाशी बसून पहिल्यांदा मोकळा रडलो.

मग मी जागून पाहिलं. जागा असलो की दात खात नव्हतो, आणि दात खाल्ले नाहीत की काही घडत नव्हतं. कचेरीतल्या एकाचा टेपरेकॉर्डर आणला. मला झोप लागायच्या आत कॅसेट संपून खटकन बंद पडला.

प्लेट तयार होऊन आली. लावून झोपू लागलो आणि जबड्याला खरंच आराम पडला. थोड्या दिवसांनी शांताबाईंनी नळावर हलक्या आवाजात सांगितलं, "आता काही ऐकू येत नाही जी, भाऊ. जातं बी नाही... अन् त्या बी नाही."

त्या रात्री मी प्लेट डबीत ठेवली, ती पुन्हा काढली नाही. सकाळी जबडा ठणकला की बरं वाटायचं. शांताबाई अंगण झाडताना दिसल्या की मी त्यांच्याकडे बघायचो, त्या मान हलवायच्या — हौ, आल्या होत्या. पुढे त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि मला सांगणारं कुणी उरलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच झालं, दाढा झिजून गेल्या. आता कवळी आहे. झोपताना काढून वाटीत ठेवतो; खायला दातच नाहीत. शांताबाईंना ते शब्द कुठून कळले, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. कुणाला झाला तर जरूर कळवा. मला एवढंच कळतं की कुमुद माझ्या उशाशी येत होती, आणि तिचा आवाज मी एकदाही ऐकला नाही.