शेवटच्या दगडातला खडा

धारकाकांच्या नाकावर माशी बसत नाही आणि बसलीच तर ते तिच्या मिशा कापून तिला परत पाठवतात, असं टकल्या न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा. टकल्या स्वतः तुळतुळीत डोकं घेऊन दुसऱ्यांच्या केसांना सल्ले देणारा माणूस, तेव्हा त्याचं बोलणं निम्मं सोडून द्यायचं. पण उरलेलं निम्मं खरं होतं. धारकाकांच्या हातून निघालेला वस्तरा गालावरून फिरला तरी गालाला त्याची बातमी लागत नसे.

दुकानादुकानांत वापरून फेकायची पाती आली तेव्हा धार लावणारे बहुतेक जण दुसऱ्या धंद्याला लागले. नऊ न्हावी मात्र घडीचा वस्तरा सोडायला तयार नव्हते, आणि त्या नऊ जणांचे वस्तरे धारकाकांच्या पुढच्या खोलीत यायचे. तिथे उत्तरेच्या खिडकीखाली एक बुटका बाक होता, बाकावर ओलं फडकं, फडक्यावर तीन दगड. पहिला खरबरीत, दुसरा मधला आणि तिसरा तो ‘शेवटचा’. पहिले दोन बाजारात मिळणारे होते. शेवटचा डोंगरातून थराथराने सुटलेला, राखाडी, हाताला साबणासारखा लागणारा. तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला होता आणि त्याचं कौतुक सांगताना काकांना वेळेचं भान राहत नसे.

त्या दगडावर काम करायची रीत ठरलेली. त्याच दगडाचा लहान तुकडा वर घासून पाणी दुधासारखं गढूळ करायचं, त्यात वस्तरा आडवा ठेवून फिरवायचा, मग थेंबथेंब पाणी घालत ते दूध पातळ करत न्यायचं. शेवटचे वीस हात निव्वळ पाण्यावर आणि वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने. मग ओल्या अंगठ्याच्या नखावरून पातं अलगद ओढायचं. सरळ सरकलं तर झालं. कुठे अडखळलं तर धारेला दात आहे, पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात.

मुलाला यात काडीचा रस नव्हता. तो घरोघर विजेचे मीटर वाचत फिरायचा आणि वस्तऱ्याची इतकी धास्ती, की त्याने दाढीच वाढवली होती. गोडी लागली ती सुनेला. काकू गेल्यावर घरात तिघंच उरली, तेव्हा दुपारी पाणी आणून द्यायच्या निमित्ताने ती बाकाजवळ थांबायची. एकदा काकांनी पुसून ठेवलेला वस्तरा तिने नखावर ओढला आणि म्हणाली, "बाबा, हा अजून झाला नाही."

काकांनी डोळे वटारले, वस्तरा ओढून घेतला, नखावर लावला आणि निमूटपणे पुन्हा दगडावर धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकाशेजारी तिच्यासाठी पाट टाकला. वर्षभरात ती पहिल्या दोन दगडांवर बसायला लागली. शेवटच्यावर अजून नाही, पण तो धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायचं काम तिचं झालं होतं. हातात कला होती पोरीच्या. काका तोंडावर कधी म्हणाले नाहीत. कौतुक केलं की माणूस बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं; स्वतःच्या कौतुकाने मात्र ते कधी बिघडले नव्हते.

मग एका सकाळी टकल्या आणि लंबू न्हावी असे दोघं एकदम दारात आले. टकल्याच्या खुर्चीत हेडमास्तरांच्या हनुवटीला तीन ठिकाणी रक्त आलं होतं. लंबूच्या गिऱ्हाइकाने अर्धी दाढी तशीच ठेवून उठून जायची धमकी दिली होती.

"काका, खरवडतोय हो," लंबू म्हणाला.

दोन्ही वस्तरे काकांनी स्वतः लावलेले, स्वतः नखावर तपासलेले होते. त्यांनी खिडकीशी धरून पाहिलं तर धारेत बारीक दात चमकत होते. काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

सून आतून आली आणि म्हणाली, "बाबा, मला वाटतं दगडातच काहीतरी आहे. परवा धुताना बोटाला लागलं. इथं, वरच्या टोकापासून दोन बोटं खाली, डावीकडे."

"दगडात?" काका ओरडले. "तीस वर्षं बसलोय मी या दगडावर! दगडात नाही, तुझ्या हातात आहे! भांडी घासायची पावडर हाताला घेऊन येतेस आणि माझा दगड धुतेस! उद्यापासून या बाकाला हात लावायचा नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन परके पुरुष दारात उभे होते. सुनेने आपल्या बोटांकडे पाहिलं, ती पदराला पुसली आणि ती आत गेली.

काकांनी दगड पाच वेळा धुतला, घासला, पुन्हा वस्तरे लावले. वस्तरे पुन्हा परत आले. चौथ्या दुपारी त्यांनी भिंग घेतलं आणि सुनेने सांगितलेल्या जागी पाहिलं. तिथे खसखशीच्या दाण्याच्या निम्मा एक काळा खडा होता. डोंगरातल्या दगडात असे खडे कुठेतरी आत दडलेले असतात, आणि तीस वर्षं रोज घासून घासून दगड झिजत त्या थरापर्यंत आला होता. यात कुणाचाच दोष नव्हता. दोष इतकाच, की सुनेच्या बोटाला जे कळलं ते काकांच्या नखाला कळलं नाही. नख जाड झालं होतं, निबर झालं होतं, आणि नऊ न्हाव्यांचा विश्वास त्या नखावर होता.

काकांनी दाभणाने खडा उकरून काढला आणि ती जागा घासून सपाट केली. वस्तरा लावला, तो सुरेख लागला.

त्याच संध्याकाळी मुलगा बायकोला घेऊन पुढच्या खोलीत आला. टकल्याने त्याला रस्त्यात गाठून सगळं सांगितलं होतं. "माफी माग बाबांची," तो म्हणाला.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "माझ्याच हाताने खराब झाला."

सांगायची वेळ हीच होती. खडा बाकावर, फडक्याच्या घडीत पडला होता. काकांनी ओठ उघडले आणि त्यातून निघालं ते असं: "होतं असं. यापुढे जपून."

म्हणजे चोरी यांची आणि माफीही यांनीच केली! माणूस किती खाली उतरू शकतो, ते त्या रात्री काकांना जेवताना कळलं. सुनेने नेहमीसारखं आधी त्यांना वाढलं.

पुढे तर सगळंच सोपं झालं, आणि तेच वाईट होतं. धार परत आली तसा टकल्या सगळीकडे सांगत सुटला, "बघा, सुनेचा हात थांबला आणि वस्तरे सुधारले!" पुरावाच मिळाला. मुलाला पटलं, न्हाव्यांना पटलं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सुनेलाही पटलं. दूध नासलं तरी ती म्हणायची, "माझाच हात लागला असेल." काका ऐकायचे आणि वस्तरा पुसत बसायचे. उद्या सांगू म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. लाजेचं असं असतं, पहिल्या दिवशी ती चिमूटभर असते, तेव्हा उचलली तर उचलते.

दोन वर्षांनी एक दिवस रस्त्यावर चाकवाला आला. सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा तो माणूस. त्याला पाहिलं की काका तोंड फिरवत. खिडकीतून त्यांना दिसलं, की त्यांची सून भाजीची सुरी घेऊन त्याच्यापुढे उभी आहे.

चाकवाला हसत म्हणाला, "ताई, तुमच्याच घरात धारवाले, आणि सुरी माझ्याकडे?"

"ते फक्त वस्तरे लावतात हो."

"मग तुम्ही लावा. घरात दगड तर असतील."

"नको बाबा," ती म्हणाली. "माझ्या हाताने दगड खराब होतात."

तिने ते साधेपणाने सांगितलं, एखादीने आपल्याला आंबट चालत नाही असं सांगावं तसं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले, आणि ती स्वयंपाकघरात आली तेव्हा दारात जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, दगडात खडा होता. तू दाखवलास तिथेच."

तिने सुरी ओट्यावर ठेवली. "कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणायचा मोह झाला. जिभेच्या टोकावर आलंसुद्धा. "तू माफी मागितलीस त्याच दिवशी," ते म्हणाले. "त्याच्या आधी, दुपारी."

तिने सुरी धुऊन फळीवर ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही मला बोललात तेव्हा लंबूदादा आणि ते टकले दारात होते."

काकांना समजलं. त्यांनी चपला घातल्या आणि भर दुपारी नऊच्या नऊ दुकानं पालथी घातली. गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं, की खडा दगडात होता, सुनेने तो आधी ओळखला, मला ओळखता आला नाही आणि मी खोटं बोललो. लंबूने मान खाली घातली. टकल्या मात्र हसला. "जाऊ द्या हो काका, घरात चालायचंच असं!" काकांना वाटलं, याने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

घामाने भिजून ते परत आले. "सांगितलं सगळ्यांना," ते म्हणाले.

"आणि ह्यांना?" सुनेने विचारलं.

पोटच्या मुलालाच काका विसरले होते. संध्याकाळी मीटरची वही काखेत मारून मुलगा आला, त्याने ऐकून घेतलं आणि बापाकडे न बघता तो आत गेला. मग आतून सुनेचं रडणं ऐकू आलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. काका उठून जाणार होते, पण कोणत्या तोंडाने जाणार?

महिनाभर तिने बाकाकडे पाहिलं नाही. काकांनी बोलावलंही नाही. बोलवायचा हक्क राहिला नाही असं त्यांना वाटे. मग एका दुपारी ती आपणहून येऊन बसली आणि काकांनी शेवटचा दगड तिच्यापुढे सरकवला. आता नऊही न्हावी वस्तरा देताना विचारतात, "ताईच लावणार ना?" काका पाणी घालतात, फडकं पिळतात. मुलाने दाढी काढलेली नाही, पण बायकोच्या धारेविषयी तो मीटर वाचता वाचता लोकांना सांगतो म्हणे.

फक्त एक आहे. दगडाला हात लावण्याआधी ती मोरीवर जाते आणि कोपरापर्यंत हात धुते, एकदा, मग पुन्हा एकदा, नखांच्या कडांमधून.

काका एकदा म्हणाले, "नको गं इतके धुऊस. तुझ्या हाताला काही नाही."

"माहितीये, बाबा," ती म्हणाली. "पण आता तसं केल्याशिवाय हात लावायला धीर होत नाही."

तिने नळ सोडला. काका खिडकीकडे तोंड करून पाण्याचा आवाज थांबायची वाट बघत बसले.