मोहाखालचे एकोणीस ठिपके

तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर सिंदी मेघेच्या घरी सकाळचा चहा घेताना जे प्रकरण मनात येऊन बसतं, त्यात खूनही नव्हता आणि दरोडाही नव्हता. ठाण्याच्या पायरीवर बसलेली ती म्हातारी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी समुद्रपूरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची गणती आटोपली की दाराशी दोन प्रकारची माणसं दिसायची. ज्यांना घाई आहे ती उभी राहायची. आपलं लवकर कोणी ऐकणार नाही हे ज्यांना ठाऊक आहे, ती बसून घ्यायची. ही बसली होती. सत्तरीच्या आसपासची, गोंड समाजाची, पाच घरांच्या वस्तीवरून चालत आलेली.

तिची तक्रार साधी होती. वस्तीतली सगळी माणसं सोयाबीन काढायला देवळीकडे गेली होती. पंधरा दिवसांनी परतली, तर गायरानातली मोहाची एकोणीस झाडं गायब. शेजारच्या शेतमालकाने मशीन लावून ती उपटली होती, जमीन सपाट केली होती आणि ट्रॅक्टर फिरवून आपल्या शेताला जोडून घेतली होती.

आमचे हवालदार अनुभवी गृहस्थ. ते माझ्या कानाशी लागले, "साहेब, झाडाचं मॅटर हाय. वनवाल्यायचं काम. आपण काऊन त्यात पडाचं?"

मलाही ते सोयीचं वाटलं. पत्र देऊन मी तिला वन खात्याकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, गायरान महसूलचं आहे. महसूलवाल्यांनी पाहिलं, तर कागदावर झाड एकही नाही. गायरानातल्या झाडांची नोंद कोण करत बसतो? ती परत आली, तेव्हा मी तिला पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा ती पायरीवर दिसली तेव्हा मी वैतागूनच बोललो. "माय, तुले नुकसानभरपाई पाहिजे का? मग तहसीलले जा ना."

ती म्हणाली, "मले पैसे नाई पाहिजे साहेब. झाडं गेले ते गेले. माही पोरगी कुठी हाय, तेवढं मले पाह्यून द्या."

मी पेन खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. पहिलीच मुलगी, आठ दिवसांची होऊन गेली. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. "दुधावरचं लेकरू आमच्यात मोहाखाली ठेवतात. मोहाले दूध असते ना साहेब. मोह पाजते त्याले." दर वर्षी फुलं वेचायला जायची तेव्हा त्या झाडाशी जरा बसायची. आता सगळं एकसारखं नांगरलेलं. कुठे बसायचं तेच तिला कळत नव्हतं.

या बाईला मी दोनदा परत पाठवलं होतं. त्याची लाज आजही वाटते. त्याच दिवशी मी गुन्हा नोंदवून घेतला.

शेतमालक बोलावल्यावर लगेच आला, तोही हसतमुख. बोलावल्याबरोबर फाइल घेऊन येणारा माणूस बहुधा फाइल आधीच तयार करून बसलेला असतो, हा माझा अनुभव. फाइलमध्ये एक रंगीत नकाशा होता. उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेला, जिल्ह्यात कुठे जंगल, कुठे शेती, कुठे पडीक आणि दहा वर्षांत त्यात काय बदललं ते दाखवणारा. जंगल हिरवं, पडीक जमीन पिवळी. तो गायरानाचा तुकडा दहा वर्षांपूर्वीही पिवळा आणि आताही पिवळा. शेजारी छापलेलं होतं, 'बदल नाही'.

"सरकारी नकाशा हाय साहेब," तो म्हणाला. "झाडं होते कुठी? म्हातारीचं डोकं फिरलं हाय."

पंचनाम्यात ढेकळांशिवाय काही मिळालं नव्हतं. खोडं नाहीत, मुळं नाहीत. वस्तीतल्यांचे जबाब होते, पण कोर्टात छापील नकाशापुढे ते टिकले नसते. मी नकाशाच्या कोपऱ्यातला नंबर पाहून नागपूरला फोन लावला. नकाशा करणाऱ्या चमूतल्या एक तरुण मॅडम दोन दिवसांनी बसने आल्या, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन.

त्यांनी जे सांगितलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून त्यांचा मला आदर आहे. "सर, दोन्ही वर्षी आम्ही मार्चची चित्रं घेतली. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं."

बाकावर बसलेली म्हातारी खुदकन हसली. त्या प्रकरणात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "मार्चात मोहाले पान राह्यते का बाई?"

मॅडमचा चेहरा उतरला. उघडीबोडकी झाडं त्या चित्रात दिसणार तरी कशी? आणि त्या झाडांखाली हिरवं असं काही नसतंच. त्यांनी मग गेल्या मार्चचं, म्हणजे झाडं पडण्याच्या आधीचं, अधिक बारीक चित्र उघडलं. तपकिरी जमीन, नाल्याचं वळण आणि इकडेतिकडे विखुरलेले काळे गोल ठिपके. "हे कचरा जाळल्याचे डाग असावेत," त्या म्हणाल्या. "वर्गवारी करताना असे डाग आम्ही काढून टाकतो."

म्हातारी उठून पडद्याजवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे माह्या भासऱ्याचं झाड."

भासरा म्हणजे थोरला दीर. तीच सांगत गेली. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात पडली तर दिसत नाहीत, म्हणून आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून गोल जाळून घेतं. जमीन काळी होते, मग त्यावर पिवळं फूल लांबूनही दिसतं. कोणतं झाड कोणाचं ते आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. "हे दोन सासूचे. हे पाच पलीकडच्या घराचे." ती मोजत गेली. एकोणीस भरले. त्यातल्या शेवटच्या, नाल्याच्या वळणावरच्या एकट्या ठिपक्यावर तिचं बोट थांबलं, आणि ते तिने उचललंच नाही.

"हे?" मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली.

मॅडमनी मागच्या सहा वर्षांची चित्रं काढली. दर मार्चला एकोणीस ठिपके, जागच्या जागी. हवालदार चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, हे तर दर साली हजेरी लावून राह्यले."

आता उरला मशीनचा ड्रायव्हर. तो आधी ठामपणे नाही म्हणत होता. मी ते चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने खाली पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं. "वरून फोटू काढला का साहेब?"

"वरूनच काढला," मी म्हणालो. चित्र झाडं पडण्याच्या आधीचं आहे, हे मी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

त्याने घाम पुसला. "मी नाई म्हणत होतो साहेब. मालक म्हणे, रात्रीतून काम उरकव. लाकूड ट्रकमधी गेलं, बुंधे नाल्यात पुरले." दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष नाला उकरला. बुंधे निघाले. ते मोहाचेच असल्याचं वनपालाने लिहून दिलं. शेतमालकाला अटक झाली, जामीनही मिळाला, आणि गायरान पुन्हा गायरान झालं. खटला चालूच आहे. आपल्याकडे खटले चालतातच.

पण तिला हवं होतं ते अजून द्यायचं बाकी होतं. मॅडमनी त्या एकट्या ठिपक्याची जागा फोनमध्ये घेतली आणि आम्ही चौघं त्या नांगरटीत शिरलो. मॅडम फोनकडे पाहत सांगत होत्या, "अजून पुढे. आता थोडं डावीकडे आजी. अजून चार पावलं." म्हातारी चप्पल हातात घेऊन चालत होती.

"इथे," मॅडम म्हणाल्या.

ती खाली बसली. ढेकळं हाताने बाजूला सारली, माती सारखी केली आणि तळहात टेकवून बसून राहिली. ती रडली नाही. तोंडातल्या तोंडात आपल्या भाषेत काहीतरी बोलत होती, मूल झोपवताना बोलतात तसं. मी हवालदारांकडे पाहिलं, तर ते नाल्याकडे तोंड करून उभे होते.

निघताना मी म्हणालो, "माय, इथे नवा मोह लावून देतो."

"लावजो," ती म्हणाली. "पण त्याले फूल याले लय वर्सं लागतात. तवर मी काय राह्यतो?"

रोप लावलं. पहिल्याच उन्हाळ्यात ते गेलं. मीही पुढे निवृत्त झालो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, छापील कागदावर 'बदल नाही' लिहिलेलं असलं, तरी पायरीवर बसलेल्या माणसाला एकदा तो कागद दाखवा. आणि त्याला तिसऱ्यांदा यायला लावू नका.

त्या मॅडम मला दर वर्षी मार्चमधलं त्या जागेचं चित्र पाठवतात. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं. पहिल्या वर्षी चित्र उघडलं तेव्हा मला वाटलं, पडद्यावर काही पडलंय. मी रुमालाने पुसून पाहिलं. रिकाम्या गायरानात, नाल्याच्या वळणावर, एकच काळा गोल ठिपका होता.

तिथे झाड नाही, पाचोळा नाही, वेचायला फूल नाही. हवालदारांकडून नंतर कळलं, की ती नाल्यापलीकडून पळसाची वाळली पानं टोपलीत भरून आणते, तिथे गोल पसरते आणि जाळते. मग झाडून घेते आणि बसते.

त्यानंतर दर वर्षी तो ठिपका दिसला. एप्रिल लागला की मी कॉम्प्युटर उघडून बसतो. यंदाचं चित्र अजून आलेलं नाही. फोन करून विचारता येईल, हवालदारांचा नंबर आहे माझ्याकडे. पण मी तो लावलेला नाही. चित्राचीच वाट पाहतो आहे.