आईच्या पोटावरचा तांबडा उजेड

माझ्या थोरल्या भावाला सगळं कळतं, असं मिरजगावात त्याच्याशिवाय कुणालाही वाटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात बसून तो गिऱ्हाइकांना आजारांवर उपाय सांगतो. गेल्या वर्षी त्यानं आईवरच डॉक्टरकी केली.

आईची उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली. मोळ्या वाहून बेंबीपाशी हर्निया झालेला, त्यात शुगर. नगरला ऑपरेशन झालं. घरी आणलं त्याच दिवशी भावानं कुठल्याशा बाबाचं भस्म टाक्यांवर दाबून बसवलं. मी शेजारीच उभी होते. शाळेत विज्ञान शिकवणारी मी, भांडण नको म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला अजून किळस येते.

आठवड्यात टाके उकलले, पू आला. परत नगर. सर्जननी जखम साफ केली, इंजेक्शनं दिली. पू थांबला, पण जखम काही भरेना. तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्याच लेसरच्या बाईंकडे पाठवलं.

"हे कापायचं लेसर नाही, आजी," बाई म्हणाल्या. "मंद उजेड आहे, भाजणार नाही. जखम भरायला थोडी मदत होते, एवढंच. शुगर सांभाळायची, ड्रेसिंग चुकवायचं नाही."

आई नगरला माझ्याकडेच राहिली. एक दिवसाआड आम्ही जायचो. तिसऱ्या खेपेला भाऊ उगवला. आईच्या पोटावरचा तांबडा ठिपका बघून हसायलाच लागला.

"ह्याच्यासाठी नगर? आमच्या दुकानात असल्या टॉर्च डझनानं पडल्यात."

"चष्मा लावा, नाहीतर बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना धोका असतो."

"मला काय हुतंय?" म्हणत तो उजेडात डोकवायला वाकला. बाईंनी मशीन बंद केलं.

आईनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला. या लेकाला वाढल्याशिवाय ती कधी जेवलेली नव्हती.

"तू भाईर बस," ती म्हणाली. "तुझं औषिद बघितलं मी."

तो गेला आणि बाहेरच्या बाकावरून मोबाईलवर कुणाला तरी लेसर म्हणजे कशी फसवणूक आहे ते सांगत राहिला. प्रत्येक शब्द आत ऐकू येत होता.

दीड महिन्यात जखम तळापासून भरत आली, कडा जुळल्या. लेसरचा वाटा किती आणि रोजच्या ड्रेसिंगचा किती, मला सांगता येणार नाही. बाईंनीही छातीठोकपणे सांगितलं नाही, म्हणून तर मला त्या आवडल्या.

आईला मिरजगावला सोडायला गेले तेव्हा दुकानात गर्दी होती. भाऊ सगळ्यांना ऐकवत होता, "मीच नेलं नगरला. म्हटलं, लेसरच मारा. दुसरं कायबी नको."

"व्हय का, मावशे?" एकानं आईला विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "लेकीनं नेलं."

भाऊ खिळे तोलत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. मला बरं वाटलं, आणि एवढ्याशावर बरं वाटावं, याचा रागही आला.