गिरीजच्या वाडीत चौथ्या लेमाचा तपास

ग्लेनची मेल आली तेव्हाच मला संशय आला. 'चौथ्या लेमाबद्दल बोलायचंय. फोनवर नको. सगळी पानं घेऊन गिरीजला घरी या.' गणितात फोनवर न बोलण्यासारखं असतं तरी काय? सहा वर्षं कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात लिहिलेला माझा प्रबंध महिन्याभरात जमा करायचा होता, आणि त्यातलं मुख्य प्रमेय अजून कुठे छापून आलेलं नव्हतं. ग्लेन त्याच प्रश्नाच्या आसपास काम करतो. म्हणजे याला माझं प्रमेय हवंय, असं मी मेल वाचता वाचताच ठरवून टाकलं. तरी निघाले. न जाता घरी बसले असते तर झोप लागली नसती.

जानेवारीतला शुक्रवार, नाशिकहून पहाटेच गाडी काढली. भिवंडीपर्यंत रस्ता गुळगुळीत. अंजूरफाट्याला वळलात की कामणपर्यंत गोदामं, कंटेनर आणि खड्डे यांच्याशी गाठ आहे, तेव्हा घाईत असाल तर या वाटेला जाऊ नका. कामणला एका टपरीवर वडापाव खाल्ला, चटणी झकास होती. खातानाही प्रमेयाची वही काखेत होती. मुक्काम विरारला चंदनसारला, मावसबहिणीच्या फ्लॅटवर. ग्लेनने घरी राहायचा आग्रह केला होता, पण ज्याच्यावर संशय त्याच्याच घरी वही उशाशी घेऊन कसं झोपणार?

भानगड काय ते सांगते, घाबरू नका. गट म्हणजे अशा हालचालींचा संच, ज्या एकापुढे एक करता येतात आणि उलट्या फिरवून मोडताही येतात. रंगीत ठोकळ्यांचा तो फिरवायचा घन आठवा. आता प्रत्येक हालचाल चिठ्ठी टाकून निवडायची. बऱ्याच पावलांनंतर आपण निघालो तिथे परत येण्याची शक्यता किती भराभर कमी होते? मी हे संभाव्यतेच्या बाजूने बघते. ग्लेन ऑपरेटर बीजगणितवाला. तो ही सगळी भटकंती एकाच ऑपरेटरमध्ये, म्हणजे एका गणिती यंत्रात, भरतो आणि त्याचं माप काढतो. दोन्हींचं उत्तर जुळतं, यातच सगळी मौज आहे. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाच्या वाटेवरची पायरी. माझी चौथी पायरी ग्लेनकडून आली होती. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत चहा घेताना तिचा विषय निघाला होता.

शनिवारी सकाळी गिरीजला पोचले. वसई स्टेशनहून रिक्षा मिळते, गाडीची गरज नाही. केळीनारळाच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता इतका अरुंद की समोरून टेम्पो आला तर एकाला मागे जावंच लागतं. ग्लेनच्या अंगणात नाताळची गव्हाणी अजून मांडलेली होती. त्याच्या आईने दारातच मला न्याहाळलं आणि त्यांच्या घरच्या बोलीत त्याला काहीतरी विचारलं. मला अक्षरही कळलं नाही. माझ्याबद्दलच असणार, हे मात्र कळलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तुम्ही मासे खाता का, विचारते," ग्लेन म्हणाला.

खरं असेल. पण उत्तर द्यायला त्याने जरा वेळ घेतला.

पडवीतच पांढरा फळा होता. "मॅडम, पहिल्यापासून दाखवा ना," तो म्हणाला. मी तीन लेमे मांडले आणि मुख्य प्रमेयाचं पान दुमडून ठेवलं. त्याचं मात्र प्रमेयाकडे लक्षच नव्हतं. फिरून फिरून एकच. "चौथ्याचं प्रूफ?"

"ते तुमच्याकडेच आहे की."

"हो, पण तुमच्या पद्धतीने कसं करता?"

दिवसभर हेच. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी लगेच ओळखते, कारण त्या दिवशी मीही तेच करत होते. दुपारी जेवायला डुकराच्या मांसाचं इंद्याल आणि गोडसर फुगे होते. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाची तळलेली गोल, पोकळ भाकरीच. मी चार खाल्ले. संशयाने भूक मरते म्हणतात, माझी वाढली.

रविवारी ग्लेन आणि त्याची आई चर्चमधून मिसा करून आल्यावर पुन्हा बसलो. पुन्हा तेच सुरू झालं तेव्हा माझा तोल गेला. "ग्लेन, तुमची टिपणं काढा. नववं पान. मोठ्याने वाचा."

त्याने परिषदेनंतर पाठवलेलं ते पान मी पाहिलेलं होतं. त्यावर लेमा जसाच्या तसा लिहिलेला दिसला, म्हणून मी खुशीने प्रबंधात 'सिद्धतेसाठी पाहा' लिहून त्याच्या टिपणांचा संदर्भ दिला. पान उलटलं नव्हतं.

ग्लेनने पान उलटलं. मग वाचलं, "सिद्धतेसाठी पाहा." पुढे माझं नाव होतं.

"मला वाटलं तुम्ही केलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी चहाला तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात. गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेला लेमांपुरता मसुदा उघडला तर त्यात माझंच नाव. त्या लेमावर उभा असलेला माझा पेपर तर छापूनसुद्धा आलाय. म्हटलं, तुमच्या वहीत तरी असेल. विचारायची लाज वाटली."

मी ज्याला चोर समजत होते तो माझ्याच दारात मागायला आला होता, आणि घर रिकामं होतं.

त्याची आई दारात उभी होती. "मंग कोनी केला त्यो हिशेब?" तिने विचारलं.

"कोणीच नाही," ग्लेन म्हणाला.

"बरं. पयले जेवून घ्या."

जेवून आम्ही संध्याकाळपर्यंत झटलो, पहिल्यांदाच सगळी पानं उघडी ठेवून. थोड्याच गटांसाठी तो लेमा सिद्ध करता आला. माझ्या प्रमेयाला लागणारे गट त्यात नव्हते. ग्लेनने आपल्या पेपरातली चूक कळवणारं पत्र नियतकालिकाला लिहायला घेतलं. निघताना आईने सुकेळी हातात ठेवली. उन्हात सुकवलेली केळी, मधासारखी. तुम्ही गेलात तर वाड्यांमध्ये विचारून घ्या. मी वाटेत आणखी एक पुडकं घेतलं, दीडशेला पडलं.

नाशिकला परतल्यावर मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"ग्लेनला."

"तो तुमच्याबद्दल बोलेल?"

"नाही."

"मग जमा करा. परीक्षक संदर्भ उघडून बघत नाहीत."

सहा वर्षं. मोह झाला, खोटं कशाला सांगू. सरांचं म्हणणं बरोबरही असेल, परीक्षक उघडत नसतीलच. मी तरी कुठे उघडला होता? दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: चौथा लेमा सिद्ध झालेला नाही.